समितीत म्हटलेलं ‘नाही’

दोन हजार चारच्या सुमारास परदेशातल्या आमच्या विद्यापीठाने शिक्षक घडवणारा अख्खा अभ्यासक्रम नव्याने बांधायला घेतला. भावी शिक्षकांना गणित कसं शिकवायचं, हे मी तिथे शिकवत असे. देशभर परीक्षांचं वारं सुटलं होतं, आणि समितीत आम्ही दर शुक्रवारी कुठला विषय ठेवायचा, कुठला कापायचा याचा कीस पाडायचो.

माझा जीव एकाच विषयात अडकला होता. तो मीच उभा केला होता. त्यात भावी शिक्षकाने एका मुलासमोर बसायचं, त्याला गणित घालायचं आणि गप्प राहायचं. मूल चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. ते तसं का करतंय, ते फक्त ऐकायचं. शिक्षक व्हायला निघालेल्या माणसाला गप्प बसवणं महाकठीण. पण सत्र संपेपर्यंत ते ऐकायला शिकायचे, आणि मला धन्य वाटायचं.

शेवटच्या बैठकीत विभागप्रमुखांनी मला विचारलं, “नव्या प्रोग्रॅममध्ये हा कोर्स तुम्हाला चालवायचा आहे का? कोणी जबाबदारी घेतली तरच तो राहील.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “नाही, नाही, माझ्यापेक्षा अनुभवी माणसं आहेत इथे.”

म्हणजे अर्थातच हो. नागपूरला आमच्याकडे पहिल्या नकाराला कोणी भीक घालत नाही. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारी त्याच्या बोटांखालून पोळी सरकवते. विचारल्याबरोबर हो म्हणणारा हावरट ठरतो. आता पुन्हा विचारतील, मग जरा आढेवेढे घेऊन हो म्हणू, असं मी धरून चालले होते.

“थँक्यू, स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं,” विभागप्रमुख म्हणाले. “आणखी कोणी?” कोणीच नाही. त्यांनी विषयावर काट मारली आणि पुढचा मुद्दा काढला. झालं? एवढ्यात? या देशात हॉटेलात कॉफी हवी का म्हणून पुन्हा पुन्हा विचारतात, आणि माझा विषय एकदाच विचारून मोकळे! हात वर करून ‘थांबा’ म्हणायला हवं होतं, पण तोवर पुढच्या मुद्द्यावर चर्चा सुरूही झाली होती. बैठक संपली तेव्हा माझ्याशेजारच्या बाईंनी माझा खांदा थोपटला. मी मनाचा मोठेपणा दाखवला, असं त्यांना वाटलं होतं.

सोमवारी मी विभागप्रमुखांना गाठलं आणि तो कोर्स मला हवाच होता, असं सांगितलं. “पण मी तुम्हाला सगळ्यांसमोर विचारलं होतं,” ते म्हणाले. माणूस भला होता, खरंच हळहळला. पण आराखडा वर मंजुरीला गेला होता, आणि पुढची फेररचना काही वर्षांनी होणार होती.

सप्टेंबरात एक विद्यार्थिनी माझ्या दारात आली. हा कोर्स घ्यायचा म्हणून ती वर्षभर थांबली होती. “मी ऑफिसात चौकशी केली,” ती म्हणाली. “ते म्हणाले, तुम्हालाच आम्हाला शिकवायचं नव्हतं.” तिला पुढच्या तासाला जायचं होतं. मी काही बोलायच्या आत ती निघून गेली.