राणीचं वकीलपत्र

आमच्या नल्लकुंट्याच्या घरात रविवारी दुपारी जे भांडण व्हायचं, ते ऐकून शेजारच्या बाईंनी एकदा दार वाजवून विचारलं होतं, कोणी वारलंय का. तसं म्हटलं तर वारलं होतं. सात बुरुजांच्या कुठल्याशा राज्यातला धाकटा राजपुत्र आदल्या भागात विष पिऊन गेला होता, आणि त्याला मारायला नको होतं यावर माझ्या मुलीच्या कॉलेजातली पोरं-पोरी आमच्या दिवाणखान्यात घसा फोडत होती.

मालिका परदेशी होती आणि जादूची. बोलणारे पक्षी, जागा बदलणारी जंगलं, अंधारात उजेड देणाऱ्या तलवारी. माझा त्या प्रकाराशी संबंध चहापुरता. आठवडाभर कचेरीत खऱ्या माणसांच्या कटकटी ऐकायच्या आणि रविवारी खोट्या माणसांच्या कशाला, असं माझं मत होतं आणि मी ते पोरांना तोंडावर सांगत असे. पोरं हसत. "आंटी, एक एपिसोड देखो तो सही," म्हणत आणि परत एकमेकांच्या अंगावर धावून जात.

तरी मी त्यांना हाकललं नाही, त्याला कारण माझे वडील.

बाबांनी हयातभर वकिली केली. गोवळकोंड्याच्या या शहरातल्या जुन्या मराठी घरांतून मास्तर निघतो, सरकारी नोकर निघतो, नाहीतर वकील. आमच्याकडे वकील निघाले आणि घराचं कोर्ट झालं. 'दरअसल' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी ते असा युक्तिवाद करत, की शेवटी तो जुडी फुकट देऊन मोकळा होई. आई गेली, पाठोपाठ काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, तेव्हा मी त्यांना बरकतपुऱ्याच्या घरून माझ्याकडे आणलं. नवरा बदलीवर दिल्लीला, म्हणून घरात आम्ही तिघंच.

डोळे गेल्याबद्दल बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. पण हळूहळू बाकीचंही बोलेनासे झाले. जेवलात का, तर हो. पंखा लावू का, तर नको. चिडून तरी दोन शब्द बोलतील म्हणून मी पेपरातली बातमी मुद्दाम चुकीची वाचून दाखवायची. तेही नाही. ज्या माणसाचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा तो भिंतीकडे तोंड करून बसलेला पाहून दुसऱ्या कोणाला रडू आलं असतं. मला राग यायचा. माझा स्वभावच तसा आहे. मला राग आला की मी आधी गप्प होते, मग चष्मा कपाळावर सरकवते आणि मग तोफ सुटते, असं मुलगी म्हणते. तिच्या मते धोक्याचा पहिला इशारा माझी डावी भुवई देते. ती अर्धीच आहे. लहानपणी नामपल्लीच्या प्रदर्शनात पाळण्यावरून पडले, तेव्हा तिथं खोक पडली, आणि त्या खुणेवर केस उगवलेच नाहीत.

मुलीच्या सुट्टीत ती मालिका बाबांपर्यंत पोहोचली. ती टीव्हीसमोर, बाबा तिथंच आपल्या खुर्चीत. एका दुपारी त्यांनी आपणहून विचारलं, "हा आवाज कसला?"

"पक्षी आहे आजोबा. तीन तोंडांचा."

"तिन्ही तोंडं एकदम बोलतात?"

"नाही, टर्न बाय टर्न."

"मग मधल्याचं ऐक. कडेचे दोघं पढवलेले साक्षीदार आहेत."

हे तिनं मला संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरत बसले. कित्येक महिन्यांनी बाबा कोणाच्या तरी विरुद्ध बोलले होते, भले तो पक्षी का असेना.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मालिका हिंदी आवाजात लावायला सुरुवात केली. तिच्या मित्रमंडळीत डबिंग बघणं म्हणजे नाक कापल्यासारखं; तिनं पर्वा केली नाही. संवाद बाबांना कळत. बाकीचं ती सांगे, मराठीतून, कारण आजोबांशी मराठीच बोलायचं हा घरचा नियम. आता आमच्या मुलीची मराठी म्हणजे जेवण, झोप, ये-जा एवढीच. मराठी पुस्तक हातात दिलं तर पहिल्याच ओळीवर अडखळते. किल्ला केवढा, तर गोवळकोंड्याएवढा, इथवर ठीक होतं. पण बाबा एवढ्यावर ऐकणारे नव्हेत. माणूस कसा दिसतो? नाक? नजर? तिच्याकडे शब्द नव्हते. मग तिनं स्वतःची युक्ती काढली.

"आजोबा, तो वजीर ना, सुलतान बाजारातल्या साडीवाल्यासारखा. गोड हसतो, पण कापड खेचून मोजतो."

बाबा खूश. वजीर त्यांना लख्ख दिसला. सेनापतीला तिनं बाबांच्या जुन्या ज्युनियरचं पोट दिलं, जादूगाराला आमच्या दातांच्या डॉक्टरांची दाढी. मी कचेरीतून येईपर्यंत त्यांचा भाग संपलेला असे, त्यामुळे हे तुकडे माझ्या कानावर जेवताना पडत. बदल्यात बाबा तिला शब्द देऊ लागले. पाणीदार डोळे, बसकं नाक, घोगरा आवाज. पोरगी ते शब्द मालिकेत वापरायची आणि मग घरातही. एकदा मला म्हणाली, "आई, तू लय त्रासिक दिसतेस." 'त्रासिक' हा शब्द तिच्या तोंडून ऐकून मला इतका आनंद झाला की रागवायचं राहून गेलं.

पुढे रविवारच्या बैठकीतही बाबांची खुर्ची दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राहू लागली. ते नुसते ऐकत. पोरं त्यांना दादाजी म्हणत, एक तेलुगू मुलगी तातगारू म्हणे. शेवटचा सीझन यायचा होता आणि सगळा वाद राणीवर येऊन थांबला होता. शत्रूनं शहराला वेढा घातला असताना त्या राणीनं आपल्याच शहराची धान्याची कोठारं जाळली होती. तिला शेवटी मरायलाच हवं, यावर सगळ्यांचं एकमत. शिवाय नटी चुकीची निवडली, हीही तक्रार. "इत्ती नाज़ुक है, उसकू वो रोल जमताच नहीं," असं एक लांब केसांचा मुलगा दर रविवारी म्हणायचा.

त्या रविवारी तो हे म्हणाला आणि कोपऱ्यातून आवाज आला, "दरअसल..."

मी आत भजी तळत होते. गॅस बंद केला. ही पोरं वाईट नव्हती, पण या बाबतीत सख्ख्या भावाचीही गय करणारी नव्हती. त्यांनी बाबांना हसण्यावारी नेलं असतं तर ते परत भिंतीकडे वळले असते, आणि मग त्यांना तिथून हलवणं माझ्याच्यानं झालं नसतं. मी झारा हातात घेऊन दाराआड उभी राहिले.

"आग लगने से पहले आपने क्या सुना?" बाबांनी विचारलं.

"कुछ नहीं दादाजी. म्यूज़िक था."

"म्यूज़िक के नीचे?"

बाबा म्हणाले, संगीताच्या खाली भांडी वाजत होती. कढईवर पळी आपटल्याचा आवाज, थाळ्यांचा आवाज, बराच वेळ. म्हणजे चुली पेटल्या होत्या. शहर जेवत होतं. तिनं आधी सगळ्यांना पोटभर घातलं आणि जे उरलं ते जाळलं, कारण पहाटे शत्रू आत येणार हे तिला कळलं होतं. मग जाळलं ते कोणाचं धान्य? रयतेचं की शत्रूचं?

तेलुगू मुलीनं मोबाइलवर तो प्रसंग लावून कानाशी धरला. परत लावला. मग ओरडली, "अय्यो, हौ! बर्तनां की आवाज़ है!"

मोबाइल हातोहात फिरला. इतके महिने तोच प्रसंग डोळे फाडून बघणाऱ्यांना जे ऐकू आलं नव्हतं, ते माझ्या बापाला आलं होतं. मला दाराआड एकटीला हसू फुटलं. मी ताट भरलं आणि बाहेर निघाले.

बाबा आता रंगात आले होते. म्हणाले, आणि नटी चुकली म्हणता? याहून योग्य बाई मिळणार नाही. बेताची उंची, अंगानं जरा भरलेली. कपाळावर कायमची आठी. रागावली की आधी गप्प होते, मग मुकुट मागे सरकवते. आणि डावी भुवई अर्धीच, तिथं जुनी खूण आहे.

खोलीत कुजबुज झाली. कोणीतरी फिसकन हसलं. लांब केसांचा मुलगा म्हणाला, "दादाजी, वो तो लंबी है. निशान वगैरा कुछ नहीं है उसकू."

भजीचं ताट हातात घेऊन मी मधोमध उभी होते. तळताना चष्म्यावर वाफ येते म्हणून तो कपाळावर सरकवलेला होता. पहिल्यांदा त्या तेलुगू मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मग बाकीच्यांनी. माझी मुलगी मात्र सतरंजीकडे पाहत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही विचारलं राणी कशी दिसते. मला वर्ड्स येत नव्हते. मी म्हणाले, आईसारखी. मग रोज तसंच सांगत गेले."

बाबा गप्प झाले. तो गप्पपणा मला ओळखीचा होता. एका क्षणात या माणसाचं सगळं राज्य काढून घेतलं आपण, असं वाटलं.

"तो फिर परदे पर कौन है?" बाबांनी विचारलं.

पोरांनी जपून सांगितलं. उंच, गोरी, कमरेपर्यंत मोकळे केस, कोरलेल्या भुवया. विरुद्ध पक्षाचं म्हणणं ऐकावं तसं बाबांनी ते मधे न बोलता ऐकून घेतलं. मग दोन्ही हात काठीवर ठेवले.

"तो आप लोग सही कहते हैं," ते म्हणाले. "कास्टिंग ग़लत है."

एकच गलका झाला. बाबांनी हात वर केला.

"जो औरत रात भर शहर को खाना खिलाए और सुबह अपने हाथ से कोठार जलाए, उसके बाल सँवरे हुए नहीं रहते. मैंने ऐसी औरत देखी है. मेरी बीवी आख़िरी दिनों में थी. घर रिश्तेदारों से भरा था. मेरी बेटी सब पर चिल्लाती थी, डॉक्टरों पर, मुझ पर. मगर एक आदमी भूखा नहीं सोया. ख़ुद रसोई में खड़े-खड़े खाती थी, सबके बाद. उसके बाद मेरी आँखें गईं. वो आख़िरी चीज़ है जो मैंने साफ़ देखी."

माझ्या सगळ्या आयुष्यात बाबांनी मला कधी शाबासकी दिली नव्हती. दहावीला पहिली आले तेव्हा म्हणाले होते, गणितात दोन मार्क कुठे गेले. आईच्या आजारपणात मी केलेल्या आरडाओरडीची लाज मी इतकी वर्षं मनात बाळगून होते. वाटायचं, त्यांनी तेवढंच लक्षात ठेवलं असेल. आणि ते हे सांगत होते उर्दूतून, परक्या पोरांना, मी समोर उभी आहे हे माहीत नसताना. की माहीत होतं? भज्यांचा वास तर आलाच असणार.

"भजी गार होतायत," मी म्हणाले. लांब केसांच्या मुलानं उठून माझ्या हातातलं ताट घेतलं.

रात्री मी मुलीला विचारलं, राणीला माझाच चेहरा का दिलास. म्हणाली, "मग कोणाचा देऊ? सगळे तिला घाबरतात आणि तिच्याशिवाय कोणाचं चालत नाही." मी तिला जवळ घेतलं. मूठभर मराठीच्या जिवावर या पोरीनं आंधळ्या म्हाताऱ्यासमोर अख्खं राज्य उभं केलं होतं. माझ्या कचेरीत मोठमोठ्या पदव्यांची माणसं आहेत, त्यांतल्या एकालाही हे जमलं नसतं. हे मी दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलूनही दाखवलं. कोणाला काही कळलं नाही, पण मी दाखवलं.

तिनं आजोबांना विचारलं होतं, आता खरी नटी जशी आहे तशी सांगू का. बाबा म्हणाले, "नको. खटला चालू असताना आरोपी बदलत नाहीत."

शेवटचा सीझन आला तेव्हा मी रजा टाकून टीव्हीसमोर बसले. बाबांनी वकीलपत्र घेतलं होतं, निकाल ऐकायला मला हजर राहणं भाग होतं. शेवटच्या भागात राणीला भर दरबारात उभं केलं. पडद्यावरची ती नटी उंच, देखणी, सिंहासनाकडे पाहत होती आणि संवाद एकही नव्हता.

"आता कशी दिसतेय?" बाबांनी विचारलं.

मुलगी सांगायला लागली, पण मधेच थांबून डोळे पुसू लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बेताच्या उंचीची," मी म्हणाले. "कपाळावर आठी. मुकुट मागे सरकवलाय."

"आणि भुवई?"

"अर्धीच आहे, बाबा."

"मग काळजी नाही," ते म्हणाले आणि काठी बाजूला ठेवून त्यांनी चहा मागितला.