काडी ओढू नका, अक्का!

ती सकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. पारोळ्याकडच्या हमरस्त्यावरचं एक पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. रस्त्यालगतच्या एका पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळून पेट्रोल भूजलात उतरलं होतं. आवारात बोअर घेऊन ते पेट्रोलमिश्रित पाणी उपसायचं आणि टँकरने शुद्धीकरणाला पाठवायचं, असं काम एका ठेकेदाराला दिलेलं होतं. आमच्याकडे नुसता बंदोबस्त. विडी ओढणाऱ्यांना हाकलायचं, बस्स! भर उन्हाळ्यात याहून कंटाळवाणी ड्युटी नाही.

हजेरी आटोपत होती. जवळच्या खेड्यातले एक आबा आपल्या धाकट्या भावाला दंडाला धरून ओढतच ठाण्यात घेऊन आले.

"साहेब, येनी मनी विहिरमा पेट्रोल टाकं! वास येस. तक्रार लिखी ल्या!"

दोघांत बांधाचा जुना वाद होता. मी भावाला बाजूला घेऊन दरडावलं. पठ्ठ्या माझ्यावरच उखडला.

"मनी फटफटीमा टाकाले पेट्रोल नई शे, साहेब, आनि येनी विहिरमा ओतसू?"

ठाणे अंमलदार खो खो हसला. मलाही हसू आलं, पण मुद्दा पटला. अख्ख्या विहिरीला वास मारायचा तर पेट्रोल पिंपांनी लागेल. शिवाय खोटं बोलणारा आधी शपथा घेतो, हा तर नुसता संतापला होता. मी आबांना विचारलं, विहिरीला पाणी किती आहे?

"पानी कुठलं साहेब! कोरडी पडेल व्हती. टँकरवाला देवमानूस, त्यानीच भरी दिन्ही. मी च्या पाजा त्याले."

खानदेशात उन्हाळ्यात टँकर दिसला की शेतकरी हात करतोच. उरलंसुरलं माझ्या विहिरीत सोड रे बाबा! ड्रायव्हरही पुण्य म्हणून सोडतो. पण त्या दिवसांत त्या रस्त्याला एकच टँकर फिरत होता, तो पंपावरचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

तेवढ्यात आबा घाई करू लागले. "झटपट लिखा साहेब. सून विहीर पुजाले निंघनी शे."

मी ताडकन उठलो. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहीर पुजायला. काठावर दिवा लावते. आबांनीच सांगितलं, त्यांच्या घरात तर दिवा द्रोणात ठेवून दोरीने पार पाण्यापर्यंत सोडायची रीत! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचून राहते, हे आम्हाला पंपावरच बजावलं होतं. आबांनी घरी फोन लावला, कुणी उचलेना. मी दोघा भावांना जीपमध्ये कोंबलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, उडव गाडी.

विहिरीवर बायका गाणी म्हणत होत्या. सून बाळाला घेऊन काठाशी बसलेली. आबांच्या थोरल्या बहिणीने काडी पेटीला टेकवलेली.

"काडी ओढू नका, अक्का!" मी बांधावरूनच ओरडलो.

अक्का दचकल्या, मग भडकल्या. "बायास्ना काममा पोलीस कसाले?"

"आधी वाकून वास घ्या!"

त्या वाकल्या, नाकाला पदर लावला आणि काडेपेटी गुमान माझ्या हातात दिली. सून बाळाला छातीशी धरून जी मागे सरली, ती थेट बांधापर्यंत.

दुपारी टँकरचा ड्रायव्हर पहिल्याच प्रश्नाला फुटला. मालक, म्हणजे तो ठेकेदार, म्हणाला होता, शुद्धीकरणाला नेऊन खर्च वाढवू नको, दिसणार नाही तिथं ओत. त्यात आबांनी हात केला. "साहेब, वरून तर पाणीच दिसे हो!" म्हणत तो रडायला लागला. ठेकेदार मात्र कडक इस्त्रीतला. म्हणे, आम्ही पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडतो.

"असं? मग पूजा अडलीय. चला, दिवा तुम्हीच सोडा."

पंचांसमोर त्याला विहिरीवर उभं केलं, द्रोण हातात दिला. काडेपेटी मी केव्हाच जीपमध्ये ठेवून आलो होतो, तरी नुसता खिशात हात घातला. गडी किंचाळला, "साहेब, नको! सगळे उडू!"

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, ठाऊक आहे. पण विहिरीचे आणि पंपाचे नमुने प्रयोगशाळेत जुळले आणि तो आत गेला. विहीर पुन्हापुन्हा उपसली, तळाचा गाळ काढला, आत हवा सोडली. पाणी शुद्ध असल्याचा अहवाल येईपर्यंत सुनेचं बाळ रांगायला लागलं होतं.

पूजेला मला आवर्जून बोलावलं. नोकरीभर मी गुन्ह्यामागे वैर शोधत आलो. वैऱ्याने दिलेलं माणूस दहादा हुंगतो, पण इथं विष आलं ते चहा पाजून, आभार मानून, आणि संशय गेला सख्ख्या भावावर. हा धडा मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळाला नव्हता. सुनेने दिवा लावला. आबांनी दोरी उचलली आणि ते भावाकडे बघत म्हणाले, "धर रे, तूच सोड."

भावाने दोरी धरली. ती हळूहळू खाली सोडली आणि दिवा न विझता पाण्याला लागला.