घट्ट बसवलेली पिन

बंगळुराच्या शिवाजीनगरातल्या त्या गल्लीत लेथकामाला एकच नाव होतं, रघुजीचं. त्याच्या लेथवरची पिन भोकात बसली की मधून केससुद्धा जायचा नाही. माणूस निपाणीकडचा, इथं चाळीस वर्षं काढलेला. मराठी बोलता बोलता कन्नडात शिरायचा नि त्याचा त्यालाही पत्ता लागायचा नाही. समुद्र मात्र त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

चार महिन्यांमागं मकरंद आला. नोकरी महादेवपुऱ्यात, आयटीची, आणि कारवारकडच्या एका खाडीत स्वतःची शिडाची बोट. टेम्पोत पुरुषभर लांबीचं लोखंडी पातं.

"हे बोटीच्या पोटातून खाली सोडायचं, काका. म्हणजे वाऱ्यानं ती आडवी सरकत नाही. उथळ पाण्यात दोरीनं वर ओढायचं. खोल बुडाची बोट आमच्या खाडीत शिरतच नाही, म्हणून ही घेतली. पातं या पिनवर फिरतं. भोक झिजलंय. दोन्ही नवी करा, पण दोन एमएम सैल ठेवा हं."

"दोन एमएम? बैलगाडीचं चाक बसवाय लागलोय काय मी?" रघुजी उसळला. "सैल ठेवूनच झिजलंय ते, साहेब. बघा आता."

आणि त्यानं पिन केली ती बघत राहावी अशीच. ग्रीस लावून एका बोटानं ढकललं तर एवढं जड पातं अलगद फिरलं. मकरंदनं दोन एमएमचा हट्ट सोडला आणि पातं टेम्पोत चढवलं. इतक्या देखण्या कामापुढं तो टिकणार तरी कसा?

आज दुपारी त्याचा फोन आला. मागं वारा घोंघावत होता आणि त्याची बायको स्मिता ओरडत होती, "ओढ, अजून ओढ!"

"काका, पातं वर येईना. खाऱ्या पाण्यानं पिनपाशी गंजून फुगलंय, सरकायला फटच नाही. खाली चिखलात रुतलंय, त्यामुळं बोट हलत नाही, आणि ओहोटी लागलीय. पाणी गेलं की सगळा भार पात्यावर येईल. बूड फाटेल."

रघुजीनं लेथ बंद केला. "पिन ठोकून काढा की."

"ती पाण्याखाली आहे. उघडी पडेल तोवर बोट बसलेली असेल."

"सैल ठेवा म्हणालावता तुम्ही."

"असू दे, काका."

"मी निघू काय? आत्ता बस धरतो."

"दोन तासांत पाणी जाईल, काका."

फोनमधून लाकूड करकरल्यासारखा आवाज आला.

"ठेवतो," मकरंद म्हणाला. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारचा वेल्डर मंजुनाथ डोकावला. "येन अण्णा, मशीन का बंद?"

"भरती परत कधी येती रं?"

"गोत्तिल्ला. आपल्याला काय ठाऊक समुद्राचं?"

रघुजीनं मकरंदला पुन्हा फोन लावला, आणि पहिली रिंग जायच्या आत स्वतःच कापला.