शांत झोप

"काकी, काका शेवटचे समुद्रावर कधी गेले होते?" सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून डॉक्टरांनी विचारलं.

"पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्यावर ओढून तीन आठवडे झाले," मी म्हटलं.

आमचे हे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. आठ दिवस समुद्रावर राहून आलेला माणूस जमिनीवरही दिवसभर डुलतो. त्यामुळे हे घरात झोक जाऊन भिंत धरायचे तेव्हा मी खुशाल हसायचे. तीन आठवडे कोणी डुलत नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आजाराचं नाव सबड्यूरल हिमॅटोमा. कवटीच्या आत, मेंदूवर रक्त साचतं. शेवटच्या फेरीत जाळं ओढताना कप्पी डोक्यावर बसली होती. टेंगूळ आलं, गेलं. खलाशांसमोर तांडेल कण्हणार कसा? आत मात्र रक्त झिरपत राहिलं.

डोकेदुखी गोळ्यांनी थांबेना, तेव्हा क्रेनियल उपचाराला मीच नेलं. तिथले गृहस्थ हलक्या बोटांनी कवटी धरून बसत. कवटीची हाडं श्वासासारखी हलतात, यांची अडली आहेत, असं म्हणाले. हे तिथेच घोरू लागले. "झोप लागते म्हणजे गुण येतोय," ते गृहस्थ म्हणाले. मला केवढं हायसं वाटलं.

चार वेळा गेलो. मग हे घरीही झोपू लागले. जेवताना, जाळं विणतानाही. मी पोरांना दटावून गप्प बसवायचे. एक दिवस जाळ्याची सुई डाव्या हातातून पडली आणि यांना कळलंच नाही. त्या दिवशी दवाखाना गाठला.

"मोठ्या माणसाची कवटी बोटांनी हलत नाही," डॉक्टर म्हणाले. "हात फिरला की बरं वाटतं, ते खरं. पण त्याने आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. आणि काकी, ती झोप नव्हती. मेंदू दबत चालला होता."

ऑपरेशनसाठी कोल्हापूरला निघालो. यांना बोलतं ठेवा, असं सांगितलं होतं. मी सारखं बोटीचं नाव विचारत होते. आंबा घाटात यांनी सासऱ्यांच्या जुन्या, कधीच मोडीत काढलेल्या बोटीचं नाव सांगितलं. त्यानंतर बोललेच नाहीत. तेवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. हे वाचले.

डोक्यावरून हात जरूर फिरवून घ्या, पण आधी मार लागला असेल तर तो लपवू नका, आणि डॉक्टरला दाखवा.

अजून दुपारी यांचा डोळा लागला की मी हलवून बोटीचं नाव विचारते.

"झोपू दे गो जरा," हे वैतागतात, आणि नाव सांगतात. बरोबर सांगतात. मग मी झोपू देते.