आभारप्रदर्शन राहिलं होतं

नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा मी एकतीस वर्षं शिकवला. केज तालुक्यातल्या आमच्या शाळेचा फळा खडबडीत होता, त्यामुळे मोजकंच लिहायचो. बल लावल्यावर वस्तू सरकली तर कार्य झालं. ते करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ते किती वेळात केलं हे बघितलं की शक्ती. मग उदाहरण द्यायचो: ज्वारीचं पोतं माळ्यावर दोन मिनिटांत चढवा नाहीतर दिवसभरात, कार्य तेवढंच. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "मंग सर, घाई कावून करायची?"

वर्ग हसायचा. मी म्हणायचो, "करू नकोस. फक्त शक्ती काढताना वेळेनं भागायला विसरू नकोस." दोन गुणांचा प्रश्न होता. त्याहून जास्त विचार मीही केला नव्हता.

या धड्यावर बायकोचा मात्र कायमचा आक्षेप होता. एकदा ती नळाच्या रांगेत भरला हंडा कमरेवर घेऊन कोणाशी तरी बोलत अर्धा तास उभी राहिली आणि घरी येऊन कंबर धरून बसली. मला शिकवायची खोड. म्हणालो, "हंडा हलला नाही, म्हणजे शास्त्रानुसार तू कार्य केलंस शून्य."

"आन कळ लागली ती?"

"ती ऊर्जा खर्च झाली. कार्य नाही झालं."

"तुमच्या शास्त्राला एकदा नळावर पाठवा," ती म्हणाली आणि ओठाचा एक कोपरा वर करून हसली. हे हसू ती खास राखून ठेवायची. माझ्यासाठी, आणि हारतुरे घेणाऱ्या तमाम माणसांसाठी. सत्काराच्या कार्यक्रमांना आम्ही दोघं शेजारी बसून ते हसू वाटून घ्यायचो.

मग माझाच सत्कार आला. सेवापूर्तीचा, सपत्नीक. नको म्हणालो, पण ज्या आवाजात म्हणालो त्या आवाजात नको म्हटलेलं कोणी ऐकत नाही. प्रमुख पाहुणे तालुक्यातले एक साहेब. ते दोन तास उशिरा आले. एक माणूस येत नव्हता म्हणून तीनशे माणसं जागची हलत नव्हती. शाल झाली, फेटा झाला, हाती नारळ आले. साहेबांनी मला 'ज्ञानाचा धगधगता ऊर्जास्रोत' म्हटलं. ऊर्जा हा शब्द त्यांनी पाच वेळा वापरला, एकदाही एकक न सांगता. एककाशिवाय पुढे न जाण्याची माझी सवय असूनही मी मान डोलावली. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

तेवढ्यात बायकोच्या डाव्या हातातला नारळ सुटला आणि गडगडत साहेबांच्या बुटापाशी गेला.

"वहिनी, घरी जाऊन फोडा की! एवढी काय घाई?" साहेब माईकवरूनच म्हणाले. मंडप हसला. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओठाचा उजवा कोपरा वर गेला होता, डावा जागेवरच होता. मला वाटलं, आमचंच हसू आहे. मीही हसलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात. जाऊ या का?"

मी म्हणालो, "थांब, आभारप्रदर्शन राहिलंय."

आभार मानणाऱ्यानं मंडपवाल्यापासून चहावाल्यापर्यंत कोणालाही सोडलं नाही. मग फोटो, मग जेवणाच्या पंगती. घरी आल्यावर ती दमली म्हणून आडवी झाली. उठली तेव्हा पदर सावरायला डावा हात आला नाही.

अंबाजोगाईला नेलं. डॉक्टर तरुण होते, सरळ बोलले. "त्रास सुरू कधी झाला?" मी म्हणालो, नारळ पडला तेव्हा. मग मोजून सांगितलं: साडेपाच तास. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक तासांच्या आतच देता येतं, म्हणाले. तेच इंजेक्शन, तोच हात टोचणारा. फक्त वेळ. दोन गुणांचा प्रश्न.

जीव वाचला. बोलणं शाबूत राहिलं. डावा हात गेला. त्याला धरलेलं, सोडलेलं काही कळेना.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, ही तिची लहानपणापासूनची रीत. माझं इष्टलिंग मी कॉलेजात गेल्यापासून कपाटात. तिला चालता आलं नाही तरी चालणार होतं, स्वयंपाक जमला नाही तरी. एकच हवं होतं: "लिंग माझ्या हातावर मीच धरणार."

मग रोज सकाळी मी खाली बसून तिचा तळहात माझ्या तळहातावर तोलून धरायचो. ती उजव्या हातानं भस्म लावायची, बेलाचं पान ठेवायची आणि म्हणायची, "सोडा." मी सोडायचो. हात खाली जायचा. मी झेलायचो.

आठ महिने असेच गेले. माझे खांदे भरून यायचे. ऊर्जा खर्च होत होती, कार्य शून्य.

एका सकाळी ती "सोडा" म्हणाली आणि मी सोडला नाही. तळहात काढला, पण मनगटाच्या पार मागे, तिला दिसणार नाहीत अशी दोन बोटं लावून ठेवली. कळणार तर नव्हतंच. लिंग जागेवर राहिलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मंत्र पुरा होईपर्यंत. "राहिला की हात!" म्हणाली. शेजारच्या काकूंना हाक मारून सांगितलं. पुढे रोज मी दोन बोटं लावायचो.

बऱ्याच दिवसांनी, पूजा आवरताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं शून्य काम लई भारी हाय." आणि उजवा कोपरा वर गेला. तिला कधीपासून माहीत होतं, हे विचारायचं माझ्यानं झालं नाही.

दुसऱ्या झटक्याला मोजायला वेळच मिळाला नाही.

आमच्यात दहन नसतं. माणसाला बसवून समाधी देतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. मी खड्ड्यात उतरलो होतो. विधी सांगणाऱ्या जंगमांनी लिंग ठेवलं आणि सवयीनं माझी दोन बोटं तिच्या मनगटामागे गेली. वर भस्माच्या, बेलपानांच्या टोपल्या घेऊन माणसं खोळंबली होती. साहेब आले होते. श्रद्धांजलीपर दोन शब्द बोलण्यासाठी त्यांना पुढे जागा करून दिली जात होती.

"सर," जंगम हळूच म्हणाले, "सोडा आता."

मी बोटं काढली. हात खाली आला नाही.

वर कोणीतरी घसा खाकरला.