आईनं उडवलेले चक्रवाक

परवा मार्कंडा गावी गेले, तिथं वैनगंगेच्या ओल्या रेतीचा वास आला आणि आईबरोबरची जुनी सकाळ आठवून हसू आलं. मोठ्या माणसांच्या पक्षीनिरीक्षण वर्गात आम्ही दोघी नवीनच होतो. काठावर तांबूस चक्रवाकांचा थवा बसला होता आणि सगळे श्वास रोखून पाहत होते. जन्मभर धानावरची पाखरं हाकलणाऱ्या आईच्या तोंडून सवयीनं "हाऽऽ हुर्र" निघून गेलं. सारा थवा उडाला.

आई ओशाळली. "मले आणाले नाई पायजे होतं," ती मला म्हणाली.

शिकवणारे भाऊ मात्र खूश दिसले. "बाई, वर पाहा. पंखातला हा पांढरा रंग बसल्यावर दिसत नाई."

उन्हात पंख लखलखत होते. आई मान वर करून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"जनमभर पाखरं उडोली," ती हसत म्हणाली, "पर उडताना कधी पायलीच नाई."