नवऱ्याकडं बघणारी बाई

मंडळी, बायकांनी काढलेल्या चित्रांत त्यांची स्वतःची इच्छा कुठं दिसते, याचा मी घरीच अभ्यास करतो. पदवी नाही, पण तपशील सोडत नाही.

आज नेकनूरला पतसंस्थेच्या हॉलमध्ये सुमनताईंची चित्रं लावली. दुष्काळात ऊसतोडीला गेलेल्या ताईंनी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, निजलेला उघडा नवरा काढलाय, पाठीवर उसाच्या पानांचे ओरखडे. शेजारी त्याला डोळे भरून बघणारी बायको.

एक संचालक भडकले. "उतरवा हे! बाई अशी काहून बघती?"

ताई म्हणाल्या, "मग कुणाकडं बघू? चेअरमनकडं?"

हॉल हसला, पण मी ताईंच्या नवऱ्याकडं बघत होतो. तो उठला, चित्राशेजारी उभा राहिला. "ह्यो मीच हाय. काढा फोटो."

चित्र भिंतीवरच आहे. अभिमान वाटला.

तुम्ही राहिला असता उभे?